आवाजाने काढलेले चित्र
(विज्ञान पाठ : त्रिमितीय सोनोग्राफी)



डोंगरासमोर उभे राहून हाक मारली की तीच हाक परत ऐकू येते, हे तुम्हांला ठाऊक आहे. याच प्रतिध्वनीचा उपयोग करून डॉक्टर शरीराच्या आतले चित्र कसे काढतात, आणि त्या चित्रात लांबी-रुंदीबरोबर खोलीही कशी आणतात, हे या पाठात पाहू.

या तपासणीला आपण सोनोग्राफी म्हणतो. येथे कुवेतमध्ये अरबी बोलणारे लोक तिला 'सोनार' म्हणतात. हा शब्द ऐकून मराठी माणसाला दागिने घडवणारा सोनारच आठवायचा! पण हा सोनार वेगळा. समुद्रात पाणबुडी कुठे आहे, तळ किती खोल आहे, हे आवाजाने शोधणाऱ्या यंत्राचे ते नाव आहे. पूर्वी कुवेतची गलबते खजूर घेऊन मुंबईला येत, तेव्हा खलाशी शिशाचे वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून खोली मोजत. पुढे दोरीचे काम आवाज करू लागला, आणि मग तोच आवाज दवाखान्यात आला.

हा पाठ निवडण्याचे कारण म्हणजे वर्गात आलेले दोन प्रश्न. पहिला असा : काहींच्या घरी धाकट्या भावंडाचा जन्मापूर्वीचा, चेहरा दिसणारा तांबूस रंगाचा फोटो आहे. पोटातल्या बाळाचा फोटो कॅमेऱ्याने कसा काढला? दुसरा असा : सुट्टीत गावी गेल्यावर सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' अशी पाटी दिसते. येथे आखातात तर अनेक घरांत बाळ मुलगा की मुलगी हे आधीच माहीत असते. मग तेथे का सांगत नाहीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर विज्ञानात आहे, दुसऱ्याचे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात. पहिले नीट समजले की दुसरे समजायला सोपे जाते.

ऐकू न येणारा आवाज

सेकंदाला २० ते २०,००० कंपने असलेला आवाज माणसाला ऐकू येतो. त्याहून जास्त कंपनांच्या आवाजाला श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. सोनोग्राफीत साधारणपणे सेकंदाला २० लाख ते दीड कोटी कंपनांचा ध्वनी वापरतात. कंपने जितकी जास्त, तितके चित्र बारकाईचे. पण आवाज तितका खोल पोहोचत नाही. म्हणून गळ्यातील गाठ पाहायला जास्त कंपनांचा आणि पोट पाहायला कमी कंपनांचा ध्वनी घेतात.

हा आवाज निर्माण होतो स्फटिकातून. १८८० मध्ये फ्रान्समध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवले की काही स्फटिक दाबले असता त्यांत वीज निर्माण होते. उलट, त्यांना वीज दिली तर ते थरथरतात. डॉक्टरांच्या हातात जो 'प्रोब' असतो त्यात असेच स्फटिक असतात. ते क्षणभर थरथरून आवाज सोडतात आणि मग गप्प राहून परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहतात. म्हणजे तोंड आणि कान एकच!

विमानतळ शेजारीच असल्याने जलीबमध्ये विमानाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. हा आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शरीराच्या मऊ भागांतून मात्र आवाज सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो. वाटेत एक भाग संपून दुसरा सुरू झाला, म्हणजे समजा यकृत संपून मूत्रपिंड लागले, की आवाजाचा काही अंश परत फिरतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. परत आलेला आवाज किती जोरकस त्यावरून त्या ठिकाणी पांढरा, करडा की काळा ठिपका द्यायचा ते ठरते. निव्वळ द्रव काळा दिसतो. हाड पांढरे दिसते आणि त्याच्या मागे सावली पडते.

पोटावर ते गार, चिकट जेल का लावतात? प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी जवळजवळ सगळा आवाज तेथूनच परत फिरतो. जेलमुळे ती हवा निघून जाते. फुप्फुसाच्या आतले चित्र नीट का येत नाही, याचेही कारण हवाच.

बॉयलरपासून रुग्णालयापर्यंत

आपल्यापैकी कोणाचे वडील अहमदी किंवा मीना अब्दुल्ला भागातील तेल कारखान्यांत वेल्डिंग तपासण्याचे काम करत असतील, तर त्यांना 'अल्ट्रासॉनिक टेस्टिंग' माहीत असेल. पोलादाच्या आत चीर आहे का, हे आवाज पाठवून पाहतात. सोनोग्राफीचा जन्म याच कामातून झाला. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी एका बॉयलर कारखान्यात नेल्या आणि धातू तपासण्याच्या यंत्राखाली ठेवल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि मांसाची भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले.

पुढे त्यांच्याकडे एक स्त्री आली. तिला पोटाचा बरा न होणारा कर्करोग आहे असे निदान झाले होते. यंत्राने दाखवले की पोटात द्रवाने भरलेली मोठी गाठ आहे. शस्त्रक्रिया करून ती गाठ काढली आणि ती स्त्री वाचली. डॉ. डोनाल्ड, डॉ. मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांनी हे काम १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. या चित्राला मात्र लांबी आणि खोली या दोनच मित्या होत्या. ते शरीराच्या एका पातळ कापाचे चित्र होते.

बटाटा आणि लवंग

फक्त एकच काप पाहिला तर काय अडचण येते, हे घरी करून पाहा. (सुरी मोठ्यांच्या हाती द्या.) भावाला किंवा बहिणीला एका बटाट्यात लवंग तिरकी खुपसायला सांगा, कुठे खुपसली ते तुम्ही पाहू नका. आता बटाट्याचे पातळ, सारख्या जाडीचे काप करा. एखाद्या कापात तुम्हांला काळा ठिपका दिसेल. त्या एका ठिपक्यावरून लवंग किती लांब आहे, कोणत्या बाजूला कललेली आहे, हे सांगता येईल का? नाही येणार.

आता प्रत्येक काप बटर पेपरवर ठेवून त्याची कड आणि ठिपका गिरवा. सगळे कागद क्रमाने एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. ठिपके सरकत गेलेले दिसतील आणि लवंगेचा कल लक्षात येईल. तुम्ही जे हाताने केले तेच संगणक करतो. अनेक काप घेऊन, ते क्रमाने रचून, तो त्यांचा एक ठोकळा बनवतो. यालाच त्रिमितीय सोनोग्राफी म्हणतात.

बटाटा एकदा आडवा कापला की उभा कापता येत नाही. संगणकातील ठोकळा मात्र पुन्हा पुन्हा, हव्या त्या दिशेने कापता येतो. प्रोब जेथे ठेवताच येत नाही त्या बाजूनेही तो कापून पाहता येतो. त्रिमितीय सोनोग्राफीची खरी ताकद यात आहे.

तिसरी मिती कशी आली

टोकियो विद्यापीठातील डॉ. काझुनोरी बाबा यांनी १९८४ मध्ये त्रिमितीय सोनोग्राफीची पद्धत मांडली, आणि १९८६ मध्ये गर्भाची अशी प्रतिमा मिळवण्यात त्यांना यश आले. तेव्हा एका चित्रासाठी संगणकाला बराच वेळ लागे. १९८९ मध्ये ऑस्ट्रियातील क्रेट्झटेक्निक या कंपनीने 'कॉम्बिसन ३३०' हे त्रिमितीय यंत्र बाजारात आणले. अनेक प्रोबमध्ये स्फटिकांची रांग एका छोट्या मोटरने पंख्यासारखी इकडून तिकडे झुलते आणि एकामागून एक काप घेते. आणखी एका प्रकारात रांगेऐवजी हजारो बारीक स्फटिकांची जाळीच असते. तेथे काहीच झुलवावे लागत नाही. आवाजाची दिशा विजेनेच बदलतात.

आता थोडे गणित करू. १० सेंटीमीटर खोल जाऊन परत यायचे म्हणजे आवाजाला २० सेंटीमीटर अंतर कापावे लागते. सेकंदाला १५४० मीटर या वेगाने त्याला सुमारे ०.०००१३ सेकंद लागतो. एका कापात १०० रेघा धरल्या तर एका कापाला ०.०१३ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ७७ काप. त्यामुळे साधी सोनोग्राफी सिनेमासारखी हलती दिसते. पण ठोकळ्यासाठी असे १०० काप हवे असतील तर एका ठोकळ्याला १.३ सेकंद लागेल. तेवढ्यात बाळाने मान वळवली की चेहरा वाकडा येतो! संगणक कितीही वेगवान केला तरी आवाजाचा वेग वाढत नाही. म्हणून हलते त्रिमितीय चित्र हवे असेल तर रेघा कमी घेणे, लहान भागच पाहणे किंवा एकाच वेळी अनेक रेघांचे प्रतिध्वनी ऐकणे, असे उपाय करावे लागतात. अशा हलत्या चित्राला 'फोर-डी' म्हणतात. चौथी मिती म्हणजे वेळ.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर. तो फोटो कॅमेऱ्याने काढलेला नाही. बाळाच्या भोवती पाणी असते. संगणक त्या पाण्याला पारदर्शक धरतो, पाणी संपून कातडी कोठे सुरू होते ते शोधतो आणि त्या पृष्ठभागावर आपणच उजेड आणि सावली टाकतो. तांबूस रंगही संगणकाचाच. बाळाचा वर्ण त्यावरून कळत नाही. तोंडावर हात किंवा नाळ आली, किंवा पाणी कमी असले, की चेहरा दिसत नाही. म्हणून बाळात काही दोष आहे असे समजायचे नाही.

चित्र दिसणे आणि निदान होणे

चित्र दिसले म्हणजे निदान झाले असे नाही. बाळाची वाढ पाहताना डोक्याचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी ही मापे बहुधा साध्या, दोन मित्यांच्या चित्रावरच घेतात. गोड चेहरा दिसला म्हणून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. त्रिमितीय चित्र कोठे खरोखर उपयोगी पडते त्याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले, दुभंगलेला ओठ. साध्या चित्रात तो अनुभवी डॉक्टरांना दिसतो, पण आईवडिलांना त्या करड्या ठिपक्यांतून काही उमगत नाही. त्रिमितीय चित्रात फट किती मोठी आहे ते त्यांनाही दिसते. बाळाला दूध कसे पाजायचे, शस्त्रक्रिया कधी करायची, याची विचारपूस जन्माआधीच करता येते. मनाची तयारी होते.

दुसरे उदाहरण हृदयाचे. घसा दुखून आला आणि औषध नीट झाले नाही, तर काही मुलांना पुढे ऱ्हुमॅटिक ताप येतो. भारतात हा आजार अजून पुष्कळ आढळतो. त्यामुळे हृदयाच्या डाव्या बाजूची द्विदल झडप जाड होते आणि तिच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात. निरोगी माणसात ही झडप ४ ते ६ चौरस सेंटीमीटर उघडते. ते तोंड दीड चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून लहान झाले तर आजार गंभीर समजतात. मग फुगा घालून झडप मोकळी करायची की शस्त्रक्रिया करायची, हा निर्णय करताना या मापाला महत्त्व असते. आजारी झडपेचा आकार नरसाळ्यासारखा होतो. गाजर तिरके कापले की काप मोठा दिसतो, तसे नरसाळ्याचे तोंड तिरके किंवा थोडे वरून कापले तर ते आहे त्यापेक्षा मोठे दिसते, आणि आजार कमी वाटतो. त्रिमितीय ठोकळ्यात नेमका टोकाचा, सरळ काप निवडता येतो. एका मापातला हा फरक रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा असतो.

'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण येथे दोन्ही सोनारांना लागू पडते. कोणता काप खरा, कोणती सावली फसवी, हे शिकलेल्या डॉक्टरांनाच कळते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, तरी आवाजाने ऊती किंचित तापतात. म्हणून निव्वळ फोटोच्या हौसेसाठी ही तपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही दिला आहे.

पाटीमागचा इतिहास

आता दुसरा प्रश्न. मुलगा की मुलगी हे ओळखायला त्रिमितीय यंत्र लागत नाही. साधे यंत्रही पुरते. त्याच्याही आधी, गर्भजलाच्या तपासणीतून ते कळत असे. ही तपासणी आनुवंशिक आजार शोधण्यासाठी होती. पण १९८० च्या दशकात मुंबईत आणि इतर शहरांत तिचा उपयोग मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी होऊ लागला. याविरुद्ध मुंबईत स्त्री-चळवळीतील कार्यकर्त्या, डॉक्टर आणि वकील एकत्र आले. त्यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे भारतातील पहिले राज्य होय. त्यानंतर १९९४ मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला; तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला.

कायदा झाला, पण मुली कमीच होत गेल्या. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे १००० मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. महाराष्ट्रातील सहा वर्षांपर्यंतच्या मुलांची जनगणना काय सांगते ते पाहा :

१९९१ : १००० मुलग्यांमागे ९४६ मुली
२००१ : १००० मुलग्यांमागे ९१३ मुली
२०११ : १००० मुलग्यांमागे ८९४ मुली

बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये हा आकडा ८०७ होता. याच काळात सोनोग्राफीची यंत्रे गावोगावी पोहोचली. मुली कमी होण्याचे कारण यंत्र नव्हे. मुलगी नको म्हणणारी माणसे आधीपासून होती. यंत्राने त्यांचे काम सोपे केले.

मुंबईची 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था, तसेच डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कायदा पाळला जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची नोंदणी, ती पाटी, आणि गरोदर स्त्रीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरायचा 'फॉर्म एफ' हे सारे या कायद्यातील आहे. लिंग शब्दाने, खुणेने किंवा कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे. ते सांगा असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा आहे. तपासणीची सक्ती पतीने किंवा नातेवाइकांनीच केली असावी, असे गृहीत धरून कायद्याने स्त्रीला संरक्षण दिले आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडले गेले. तपासणीत काढलेली चित्रे त्यात साठवली जात. यावर डॉक्टरांच्या संघटनेने हरकत घेतली, परंतु २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली. फॉर्ममधील लिहिण्याच्या चुकीसाठी खटले का, अशी तक्रारही अनेक डॉक्टर करत आले आहेत. प्रामाणिक डॉक्टरांना कागदपत्रांचा त्रास होतो, हे खरेच आहे. तथापि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा फॉर्म म्हणजे कारकुनी काम नाही. तपासणी कशासाठी केली याचा तोच पुरावा आहे.

आपल्याशी याचा संबंध

आपण कुवेतमध्ये राहतो, पण आपली घरे सातारा, बीड, कोल्हापूर, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत आहेत. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात, असे आम्हांला वाटते. पहिली : गावी वहिनी किंवा मावशीच्या सोनोग्राफीला कोणी गेले तर डॉक्टरांना 'काय आहे?' असे सहजसुद्धा विचारू नये. 'बाळ नीट वाढते आहे का?' हा विचारण्याचा प्रश्न आहे. दुसरी : हल्ली हातात मावणारी यंत्रे मिळतात. गावच्या डॉक्टरांना मदत म्हणून कोणी येथून यंत्र नेऊ पाहील. पण नोंदणी नसलेल्या केंद्राला असे यंत्र विकणे, भाड्याने देणे किंवा वापरायला देणे कायद्याने मना आहे.

येथे ज्या घरी मुलगी होणार हे आधी कळते, तेथे पेढे-बर्फीची तयारी तेवढ्याच उत्साहाने होते का, हे आपापल्या घरी विचारून पाहा. आपल्या वर्गातील मुलींनी हा प्रश्न आधीच विचारला आहे. त्याचे उत्तर यंत्राकडे नाही, आपल्याकडे आहे.

शब्दार्थ

मिती – मोजण्याची दिशा (लांबी, रुंदी, खोली)
श्राव्यातीत – कानाला ऐकू येण्याच्या पलीकडचे
स्फटिक – ठरावीक आकारात घडलेला घन पदार्थ
ऊती – शरीरातील एकसारख्या पेशींचा समूह
द्विदल – दोन पाकळ्यांचे
याचिका – न्यायालयाकडे केलेला अर्ज

स्वाध्याय

१. आवाज १५ सेंटीमीटर खोल जाऊन परत यायला किती वेळ लागेल? (वेग सेकंदाला १५४० मीटर)
२. सोनोग्राफीपूर्वी जेल का लावतात?
३. बटाट्याचा प्रयोग करा. बटर पेपरवरची चित्रे पुढच्या शुक्रवारी वर्गात आणा.
४. १००० मुलग्यांमागे ९५० मुली निसर्गतः असतात असे धरल्यास २०११ मध्ये महाराष्ट्रात १००० मुलग्यांमागे किती मुली कमी होत्या? बीड जिल्ह्यात किती?
५. 'सोनारानेच कान टोचावे' या म्हणीचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
६. आजी-आजोबांना फोन करून विचारा : त्यांच्या गावात मुलीच्या जन्माला पूर्वी काय म्हणत आणि आता काय म्हणतात? दहा ओळी लिहून आणा.